आलोच आहोत तर…

पत्राचा सारांश: एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मुलगी 13 महिन्यांची. कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण दोन वर्षांनी एका रविवारी शहरात येतेय आणि तो अख्खा दिवस पूर्वीसारखा भटकत घालवायचा असं दोघींनी ठरवलंय. बेत तयार आहे: सकाळी संग्रहालय, मग जेवण, दुपारी थोडी खरेदी, त्यानंतर प्राणिसंग्रहालय (पत्रात पुढे कंसात लिहिलंय, "हे मुलीसाठी") आणि शेवटी नदीकाठी फेरफटका. पण दोन महिन्यांपूर्वी असाच एक प्रयत्न फसला. साडेअकराला घरून निघाले, दीड वाजता जेवायला बसले. मुलगी एरवी साडेबाराला झोपते. हॉटेलात तिनं रडून आकांत मांडला, लोक वळून बघायला लागले, नवरा-बायकोचा तिथंच खटका उडाला आणि तीनला सगळे घरी परत. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय आणि काय लक्षात राहणार आहे? ठेवा घरी, मी बघते." नवरा म्हणतो, "नीट तयारी केली की सगळं जमतं." शेवटी त्या विचारतात, "बाकीच्यांना जमतं, मग मलाच का जमत नाही? तिला नेऊ, ठेवून जाऊ, की भेटच रद्द करू?"

उत्तर:

तुमचा बेत वाचता वाचता मीच दमले. पाच ठिकाणं, म्हणजे मधले चार प्रवास, शिवाय घरून निघणं आणि घरी पोचणं. दर वेळी बाबागाडी उघडा, मिटा, पिशवी आवरा, पायातला एक बूट कुठे पडला ते शोधा. मूल बरोबर नसतं तरी संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघी कुठल्यातरी बाकावर पाय चोळत बसला असतात. तेव्हा "मलाच का जमत नाही" हा प्रश्न आधी बाजूला ठेवू या. हा बेत कोणालाच जमण्यासारखा नाही. बाकीच्यांचे जे हसरे फोटो तुम्ही बघता, ते काढायला दोन सेकंद लागतात. उरलेल्या दिवसाचे फोटो कोणी टाकत नाही.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात बोलका वाटला तो तो कंस: "हे मुलीसाठी." म्हणजे बाकी चार गोष्टी तुमच्यासाठी आहेत आणि त्याची भरपाई म्हणून पाचवी तिच्यासाठी. खरं सांगू? तेरा महिन्यांच्या मुलीला पिंजऱ्यापलीकडे लांब उभा असलेला हत्ती दाखवा, ती तुमच्या बोटाकडे बघेल, नाहीतर पायाशी टिपत फिरणाऱ्या चिमणीकडे. चिमणी तिच्या मापाची आहे. प्राणिसंग्रहालय तिनं मागितलेलं नाही, ते तुमच्या मनाला लागलेल्या टोचणीनं मागितलंय. दिवस तुमचा आणि मैत्रिणीचा आहे, त्यात लेक सोबत आहे, असं स्वच्छ मान्य करून टाका. त्यात कुठेही वाईट आई होणं नाही. उलट एकदा हे मान्य केलं की बेत आपोआप लहान होतो, कारण कोणाला काही फेडायचं उरत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ओळीओळीत ऐकू येते: "आलोच आहोत तर." एवढं निघालोच आहोत तर संग्रहालय करू, आलोच आहोत तर तेही बघून घेऊ. आपल्याला दिवस वसूल करायचा असतो. मलाही असायचा.

माझा मुलगा साधारण याच वयाचा असताना आम्ही त्याला घेऊन एक मोठं चित्रप्रदर्शन बघायला गेलो होतो. तिकिटं आधीच काढलेली. दाराबाहेर तीन दगडी पायऱ्या होत्या आणि तिथंच तो अडकला. तळहात टेकायचे, एक गुडघा वर, मग दुसरा. वर पोचला की धरून उभं राहायचं आणि आमच्याकडे बघायचं. मग पाठमोरं होऊन पोटावरून घसरत खाली. खाली आला की पुन्हा तळहात. मधल्या पायरीच्या फटीत एक वाळकं पान अडकलं होतं, ते तो प्रत्येक खेपेला एकदा बोटानं दाबून बघायचा आणि मगच पुढे सरकायचा. मी घड्याळ बघत होते, नवरा तिकिटं बघत होता. वीस मिनिटांनी मी त्याला उचलून आत नेलं. पुढचा तासभर तो दाराच्या दिशेनं वाकून रडत होता. पैसे मोजून रडारड विकत घेतली आणि फुकटची मजा दाराबाहेर सोडून आलो. तेव्हा मी त्याला हट्टी म्हटलं होतं.

तुमच्या मागच्या फसलेल्या दिवसाकडे आता वळते, कारण त्यात दडलेली चूक दुरुस्त करणं अगदी सोपं आहे. मुलगी साडेबाराला झोपते आणि तुम्ही तिला दीडला हॉटेलात उंच खुर्चीत पट्टा लावून बसवलंत. आजूबाजूला भांड्यांचा आवाज, अनोळखी चेहरे, ताटात हात घालायला बंदी. ती नाटक करत नव्हती, तिची झोप एक तास मागे राहिली होती. या वयाची बहुतेक मुलं सलग तीन ते चार तास मजेत जागी राहतात. त्यापुढे ताणलं की ती पेंगत नाहीत, चेकाळतात. हसतात, धावतात, आणि पाहणारा म्हणतो "बघ, झोप उडाली हिची", आणि दहा मिनिटांत सगळा डोलारा कोसळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवसभरात, डुलक्या धरून, 11 ते 14 तास झोप लागते. त्यातली दुपारची झोप तुम्ही खर्चून टाकलीत तर ती रात्री सहजासहजी भरून निघत नाही, उलट जास्त दमलेलं मूल रात्री झोपायलाही त्रास देतं.

म्हणून बेत ठिकाणांपासून आखू नका, झोपेपासून आखा. कागदावर आधी साडेबारा लिहा आणि त्याभोवती एक चौकोन काढा. तो चौकोन हलणार नाही, बाकी सगळं हलेल. (काही मुलं या वयात अजून दिवसातून दोनदा झोपतात. साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या दरम्यान दोनाची एक झोप होते आणि त्या संक्रमणाच्या आठवड्यांत कुठलंच वेळापत्रक खरं ठरत नाही. असं चालू असेल तर भेट शक्यतो घराजवळच ठेवा.)

सकाळी ती उठल्यापासून साडेबारापर्यंतचा वेळ हा तुमचा सोन्याचा तुकडा. त्यातून आवरणं आणि प्रवास वजा केला तर हातात दोन, फार तर अडीच तास राहतात. त्यात एक ठिकाण बसतं. दोन बसत नाहीत. ते ठिकाण निवडताना तीनच गोष्टी बघा: तिला खाली सोडता येईल का, तुम्हाला बसता येईल का, आणि रडायला लागली तर दोन मिनिटांत बाहेर पडता येईल का. बाग या तिन्हीत उतरते. मोकळं अंगण असलेलं संग्रहालयही उतरतं, पण मग अंगणातच वेळ गेला तर हळहळायचं नाही. आतली दालनं मैत्रिणीनं एक चक्कर मारून बघून यावीत, तोवर तुम्ही पायऱ्यांवर बसा, मग अदलाबदल करा. मोठ्या खरेदीच्या इमारती मात्र मी टाळेन. छत आणि थंडावा असतो हे खरं, पण गोंगाट, झगमगाट आणि खाली सोडलं की पायात येणारी गर्दी यानं मूल तासाभरात पिळून निघतं, आणि आईही.

खाली सोडण्यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. आपण बाबागाडीला मुलाची सोय समजतो, प्रत्यक्षात ती आपली सोय असते. आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शनात म्हटलंय की या वयाच्या मुलांना गाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून सलग तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये, आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास त्यांची हालचाल व्हावी. नुकती पावलं टाकायला लागलेली, किंवा अजून रांगणारी मुलगी तीन ठिकाणी पट्ट्यात बांधून फिरवली, तर तिच्या दृष्टीनं तो दिवस सहलीचा नाही, वाहतुकीचा होतो.

नवऱ्याचं "नीट तयारी केली की जमतं" अर्धं खरं आहे. तयारीनं डायपर जमतो, झोप जमत नाही. पण त्यांनी मनापासून तयारी करायची म्हटलं तर पिशवीचं खातं पूर्ण त्यांच्याकडे द्या, "काय काय घेऊ" हे तुम्हाला न विचारता. डायपर घरी जितके लागतात त्याहून दोन जास्त, तिच्या कपड्यांचे दोन जोड आणि तुमच्यासाठी एक जादा कुडता किंवा टी-शर्ट, कारण सांडतं ते नेहमी आईवर. ओले वाइप्स, पाणी, ओले कपडे कोंबायला एक प्लॅस्टिकची पिशवी, उन्हाची टोपी, आणि तिचं झोपेचं जे काही दुपटं किंवा बाहुली असेल ते. खेळणी नकोत. एक रिकामी डबी आणि तिचं झाकण पुरतं.

खाणं घरून न्या आणि तिला भूक लागायच्या थोडं आधी द्या. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांच्या आत संपवावं, कडक उन्हाळ्यात, म्हणजे 32 अंशांच्या वर, एका तासाच्या आत. मैत्रीण लाडानं काहीतरी पुढे करेलच, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा: अख्खी द्राक्षं नाहीत (उभी चिरून चार फोडी करून चालतात), अख्खे दाणे-सुकामेवा नाही, मक्याच्या लाह्या नाहीत. या वयात घास घशात अडकण्याची भीती खरी असते आणि तो अडकतो तेव्हा आवाज होतोच असं नाही. म्हणून बसवून भरवा, चालत्या गाडीत नको. बाबागाडीच्या दांड्याला जड पिशव्या अडकवू नका, मूल उचललं की गाडी मागे उलटते. ऊन लागतंय म्हणून गाडीवर ओढणी पांघरू नका, आतली हवा कोंडून पाहता पाहता तापते. त्यापेक्षा सावलीत सरका. आणि सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीही चढवू नका, लिफ्ट कितीही कोपऱ्यात असली तरी.

आता हॉटेलातल्या त्या क्षणाकडे, कारण मला वाटतं तुमच्या मनात रडण्यापेक्षा तो खटका जास्त सलतोय. 1985 साली जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक वर्षाच्या बाळांना एका टेबलावर सोडलं. पुढे पायरीसारखा खोलगटपणा दिसायचा, पण वर जाड काच होती, त्यामुळे पडण्याची भीती नव्हती. पलीकडे आई उभी. बाळ कडेपाशी येऊन थबकायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. आईनं हसरा चेहरा ठेवला तेव्हा 19 पैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. अनोळखी जागेत एवढंसं मूल जागा वाचत नाही, तुमचा चेहरा वाचतं. दीड वाजता त्या हॉटेलात तिनं तुमच्याकडे बघितलं असेल, तेव्हा तुम्ही लोक काय म्हणतील म्हणून अवघडला होतात आणि नवरा वैतागला होता. ती जागा धोक्याची आहे, एवढंच तिला कळलं.

हे तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. बळंच हसत बसा असंही नाही, ते मुलांना कळतं. सांगायचंय ते इतकंच की तुमचा निवांतपणा हा पिशवीतल्या डायपरइतकाच सामानाचा भाग आहे, आणि तो कमी ठिकाणं ठेवल्यानंच येतो. लोक वळून बघतात त्यातल्या निम्म्यांना आपली मुलं आठवत असतात. उरलेल्यांचं जेवण तुमच्या मुलीपायी बिघडायला नको असेल तर घरातच आधी ठरवून ठेवा: रडू दोन मिनिटांत थांबलं नाही तर कोण तिला उचलून बाहेर जाणार. नाव ठरलेलं असलं की टेबलावर भांडण होत नाही. आणि गप्प बसवायला फोन पुढे करायचा मोह होईल तेव्हा थोडं थांबा. या वयात पडद्यासमोर बसवूच नये अशीच शिफारस आहे, आणि व्यवहारात सांगायचं तर फोन काढून घेतानाचं रडणं पहिल्या रडण्यापेक्षा मोठं असतं.

सासूबाईंच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी मी वेगळ्या करते. "काय लक्षात राहणार आहे" हे तितकंसं बरोबर नाही. मोठेपणी आपल्याला आठवतं ते सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या पुढचं, हे खरं. पण अँड्र्यू मेल्ट्झॉफ यांनी 1988 मध्ये दाखवून दिलं की 14 महिन्यांच्या मुलांसमोर एखादी विचित्र कृती, उदाहरणार्थ कपाळानं दिव्याची पाटी दाबणं, नुसती करून दाखवली तर आठवड्यानंतर त्यांतली बरीच मुलं ती स्वतः करून बघतात. तेव्हा त्या रविवारी बघितलेलं काहीतरी पुढच्या रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात उगवू शकतं. पण खरं म्हणजे हा मुद्दाच नको. लक्षात राहावं म्हणून कोणी मुलाला बागेत नेत नाही.

त्यांचं "मी बघते" मात्र सोन्यासारखं आहे. ते तुम्ही टोमणा समजून परतवू नका. तुमच्यापुढचे तीन पर्याय असे दिसतात. भेट रद्द करणं मला अजिबात पटत नाही. दोन वर्षांनी भेटणारी मैत्रीण ही चैन नाही, गरज आहे. दिवसभर मुलीला ठेवून जाणं चालण्यासारखं आहे, विशेषतः ती आजीकडे एरवीही रमत असेल तर. पण तिनं कधीच तुमच्याशिवाय एवढा वेळ काढला नसेल तर पहिलाच प्रयोग आठ तासांचा नको. आई नजरेआड झाली की कासावीस होणं या वयात जोरात असतं. आधी दोन रविवार तास-दोन तासांसाठी जाऊन या. निघताना मागच्या दारानं सटकू नका. तोंडावर सांगून, हात हलवून निघा. ती रडेल. पण गुपचूप गेलेल्या आईला मूल नंतर दिवसभर शोधत राहतं आणि पुढच्या वेळी जास्त चिकटतं.

मी निवडेन तो यांच्या मधला रस्ता: दिवसाचे दोन तुकडे. सकाळी मैत्रीण आणि लेक दोघींसोबत बाग. बाराला घराकडे. साडेबाराला मुलगी तिच्या अंथरुणात, आजी शेजारी. मग उठल्यावर ती बाबा आणि आजीकडे, आणि तुम्ही चारपासून मैत्रिणीसोबत एकट्या, संग्रहालय नाहीतर नदीकाठ, दोन्ही नाही. सातपर्यंत परत. आई झाल्यापासून तुमचं कोणाशीही सलग बोलणं झालेलं नसणार, वाक्य अर्ध्यावर सोडून धावायची सवय लागलेली असणार. ते तीन तास तुम्हाला हवेतच, आणि मैत्रिणीलाही. तिला मुलं नाहीत म्हणून तुम्ही तिच्याकडे जरा धास्तीनं बघताय असं पत्रातून जाणवलं. पण ती तुम्हाला भेटायला येतेय. बघायच्या ठिकाणांची यादी तिची नाही, तुमची आहे.

घर लांब असेल आणि दुपारी परतणं शक्यच नसेल तर साडेबाराला सावलीतला बाक गाठा, बाबागाडी पाठीकडून आडवी करा आणि गाडी हलत असताना झोपू द्या. घरच्यासारखी दोन तास झोपणार नाही, चाळीस-पन्नास मिनिटं झाली तरी पदरात पाडून घ्या. तेवढ्या वेळात जेवा आणि बोला. खरेदी करू नका. मग तीनच्या आत परतीला लागा, ती हसत असतानाच. फक्त परतीच्या गाडीत शेवटची दहा मिनिटं तिला जागी ठेवायचा प्रयत्न करा, गाणी म्हणा, खिडकी दाखवा. घराच्या कोपऱ्यावर लागलेली दहा मिनिटांची डुलकी रात्री अकरापर्यंतचं जागरण पदरात टाकते. हे मी एकदा नाही, अनेकदा भोगलंय.

आणि त्या दिवशी तिला सर्दी असेल, दात येत असतील, किंवा पाऊस धरला, तर मैत्रिणीलाच घरी बोलावून घ्या. दुपारी मुलगी झोपली की जमिनीवर पाय पसरून बसा.

आज रात्रीच मैत्रिणीला निरोप टाका. असा काहीतरी: "सकाळी दहाला बागेच्या फाटकाशी. लेक बरोबर आहे, त्यामुळे पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतील. बाराला मी तिला झोपवायला घरी जाणार. चारपासून सातपर्यंत मी एकटी, फक्त तुझी. पायांत साधे बूट घाल, आपण बहुधा गवतावर बसणार आहोत."